एडिटरमधली ओळ आणि पानावरची ओळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे. एडिटरमध्ये टाइप केलेल्या ओळी आणि जुळणी होऊन पानावर आलेल्या ओळी जुळत नाहीत. त्या जुळवायच्या कशा, आणि मुळात जुळवाव्यात का? उत्तरे मुख्यतः लाटेक (साध्या मजकुरात आज्ञा लिहून पाने जुळवण्याची प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी आहेत. वर्ड प्रोसेसर वापरणाऱ्यांचे प्रश्न शेवटी घेतले आहेत. लाटेकच्या आज्ञांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि आधी बॅकस्लॅश देऊन लिहायची.

प्रश्न: मी लाटेकमध्ये प्रबंध लिहिते आहे. एडिटरच्या खिडकीत ओळी एका ठिकाणी वळतात आणि पीडीएफमध्ये भलतीकडेच तुटतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना नजर सारखी हरवते. एडिटरमधल्या ओळी पीडीएफसारख्याच दिसतील अशी सोय आहे का?

लाटेकच्या नेहमीच्या एडिटरांत हुबेहूब जुळवणारी सोय नाही. ती का नाही हे कळले की जुळवण्याचा हट्ट आपोआप सुटतो आणि खरा उपाय सापडतो.

छापील ओळीची रुंदी किती आणि तिथे कोणता फॉन्ट येणार, हे एडिटरला ठाऊकच नसते. मजकूर खिडकीच्या कडेला पोचला की तो पुढचा शब्द खाली ढकलतो. फाइलमध्ये तिथे काहीच लिहिले जात नाही. हा सॉफ्ट रॅप. ठरावीक स्तंभानंतर, म्हणजे ठरावीक अक्षरसंख्येनंतर, एडिटरने खरोखरच नवी ओळ घातली, तर तो हार्ड रॅप. लाटेकला दोन्हींचे सोयरसुतक नाही. एक एंटर म्हणजे एक मोकळी जागा, मध्ये कोरी ओळ असेल तर नवा परिच्छेद. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा बाद होतात आणि सलग दहा जागा दिल्या तरी त्यांची एकच होते.

एवढे झाल्यावर टेक, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेली जुळणीची प्रणाली, परिच्छेदाच्या ओळी स्वतः पाडते. डोनाल्ड क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत एकामागून एक ओळ भरत जात नाही. सगळा परिच्छेद समोर ठेवून, कुठे कुठे तोडले तर एकूण सर्वांत कमी वाईट दिसेल, याचा हिशेब ती मांडते. आधी शब्द न तोडता प्रयत्न होतो, त्यासाठी वाईटपणाची (शब्दांमधल्या जागा किती ताणल्या-आवळल्या त्याच्या मापाची) मर्यादा १००. जमले नाही तर शब्द तोडण्याची मुभा घेऊन दुसरा प्रयत्न, मर्यादा २००. इमर्जन्सी स्ट्रेच ही किंमत तुम्ही शून्यापेक्षा जास्त ठेवली असेल, तर तिसरा प्रयत्नही होतो. लागोपाठ दोन ओळींच्या शेवटी हायफन आले किंवा सैल ओळीला लागून गच्च ओळ आली, तर त्याचा वेगळा दंड धरला जातो. त्यामुळे सातव्या ओळीतला एक शब्द बदलला की दुसरी ओळ नव्या जागी तुटू शकते. कडेला पोचल्यावर वळणाऱ्या एडिटरकडून हे घडणे शक्यच नाही.

अंदाजाने जवळ जाता येते. पीडीएफमधल्या पूर्ण भरलेल्या दहा ओळी घ्या, मोकळ्या जागांसह अक्षरे मोजा आणि सरासरी काढा. व्हीएस कोडमध्ये वर्ड रॅप या सेटिंगला 'वर्ड रॅप कॉलम' निवडून तो आकडा द्या. विममध्ये खिडकी तेवढी अरुंद करा आणि लाइनब्रेक हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे शब्द मधोमध चिरले जाणार नाहीत. रोमन मजकुरात एखाद्या शब्दाचा फरक राहतो. देवनागरीत तो जास्त असतो, कारण स्तंभ मोजण्याची रीतच आपल्या लिपीला बसत नाही. 'क्षि' हे डोळ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. एखादा एडिटर यांपैकी काय मोजतो त्यावर ओळ कुठे वळेल ते ठरते.

संपादकाला छापील ओळीच हव्यात असा एक प्रसंग खरोखर असतो: मासिकाच्या पानावर ठरलेल्या ओळींत मजकूर बसवायचा असतो तेव्हा. अडोबी इनकॉपीतले 'गॅली' दृश्य त्यासाठीच आहे. त्यात मजकूर पडद्यावर वाचायला सोप्या फॉन्टमध्ये दिसतो, पण ओळी मांडणीत तुटतात तिथेच तुटतात आणि बाजूला ओळ-क्रमांक येतात. त्याच कार्यक्रमातल्या 'स्टोरी' दृश्यात मात्र ओळी खिडकीच्या कडेला वळतात. इनकॉपीला हे जमते, कारण ओळी पाडणारे यंत्र इनडिझाइनचेच आहे. लाटेकमध्ये लिहिण्याची जागा आणि ओळी पाडण्याची जागा वेगळी आहे. म्हणून तिथे ओळी जुळवण्याऐवजी दोन्हींमध्ये दुवा ठेवायचा. तो कसा, हे पुढच्या उत्तरात पाहा.

दोन प्रुफे ओळीला ओळ लावून वाचायचीच असतील, तर उलट बाजूने जा. पॉपलर या संचातली पीडीएफटूटेक्स्ट ही टर्मिनलमध्ये द्यायची आज्ञा 'लेआउट' पर्यायासह चालवली की छापील ओळी जशाच्या तशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. ही फाइल फक्त शेजारी ठेवून वाचण्यासाठी. तिच्यातला मजकूर मूळ फाइलमध्ये परत चिकटवू नका. आज्ञा, तळटिपांची आणि संदर्भांची मूळ रचना तिच्यात उरलेली नसते, आणि देवनागरीत पहिली वेलांटी किंवा रफार जागा सोडून उतरण्याची शक्यता असते.

प्रश्न: पीडीएफवर क्लिक केले की मूळ फाइलमधली ती जागा उघडते असे वाचले. माझ्याकडे ते चालते, पण दर वेळी परिच्छेदाच्या सुरुवातीलाच नेऊन सोडते. काय चुकते आहे?

यंत्रणा बरोबर चालली आहे. तुमचा परिच्छेद ही एकच लांबलचक ओळ आहे, म्हणून तसे होते.

हा दुवा सिंकटेकचा. झेरोम लोरेन्स यांनी तो तयार केला आणि २००८ पासून तो टेक लाइव्हमध्ये (टेकच्या नेहमीच्या संचात) येतो. जुळणी करताना 'सिंकटेक बरोबर १' (बरोबर म्हणजे = हे चिन्ह) हा पर्याय दिला की पीडीएफशेजारी त्याच नावाची, शेवटी सिंकटेक डॉट जीझेड असलेली फाइल तयार होते. पानावरची कोणती जागा मूळ फाइलच्या कितव्या ओळीतून आली, याची नोंद तिच्यात असते. शब्दाची नोंद नसते, ओळीची असते. सॉफ्ट रॅप लावून आख्खा परिच्छेद एका ओळीत लिहिला, तर यंत्रणेच्या लेखी तो सगळा, समजा, ओळ क्रमांक ४७. मग ती तुम्हाला ४७ च्या सुरुवातीला नेते.

उपाय सोपा आहे आणि टेकपेक्षाही जुना: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. वाक्य फार लांब असेल, तर स्वल्पविरामापाशी किंवा 'आणि', 'पण', 'म्हणून' यांच्या आधी आणखी एक एंटर. ब्रायन कर्निहान यांनी युनिक्सच्या नवशिक्यांसाठी १९७४ मध्ये लिहिलेल्या टिपणात हाच सल्ला दिला होता; लोक मजकूर दुरुस्त करतात तेव्हा बहुतेक वेळा वाक्येच हलवतात, गाळतात किंवा घालतात, हे त्यामागचे कारण. पानावर काहीही बदलत नाही. फायदा मात्र चहूबाजूंनी होतो. क्लिक केले की वाक्यापर्यंत पोचता. 'ओव्हरफुल एचबॉक्स, ओळी ४५ ते ५२' अशी (ओळ समासाबाहेर गेल्याची) सूचना आली तर त्या आठच ओळी पाहायच्या असतात. गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) बदल पाहताना नेमके बदललेले वाक्य दिसते. ठरावीक स्तंभाला हार्ड रॅप करून दर दुरुस्तीनंतर परिच्छेद पुन्हा भरला, म्हणजे ईमॅक्समध्ये मेटा-क्यू किंवा विममध्ये जीक्यू केले, तर एका शब्दापायी सगळ्या ओळी सरकतात आणि गिटला आख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. सहलेखक असलेल्या कामात तरी हार्ड रॅप टाळाच.

जुनी फाइल अशी करून घ्यायची तर लाटेकइंडेंट या साधनात 'वन सेंटेन्स पर लाइन' हा पर्याय आहे. त्यासाठी ओळी बदलण्याची परवानगी देणारा 'एम' पर्याय सोबत द्यावा लागतो. 'डॉ.', 'पृ.', 'इ.स.' यांच्यापुढचा पूर्णविराम वाक्याचा शेवट धरला जाऊ शकतो. त्याने पानावर काही बिघडत नाही, तरी एकदा नजर फिरवा.

तरीही उडी चुकत असेल तर तीन गोष्टी पाहा. पहिली, मूळ फाइल बदलल्यानंतर पुन्हा जुळणी केली का. सिंकटेकची फाइल शिळी असेल तर ओळींचे क्रमांक सरकलेले असतात. दुसरी, क्लिक केलेला मजकूर लांब तळटिपेतला आहे का. तळटीप म्हणजे आज्ञेला दिलेला मजकूर. टेक तो शेवटच्या महिरपी कंसापर्यंत आधी वाचून घेते आणि मग जुळवते, म्हणून उडी कंस बंद होतो त्या ओळीजवळ पडते. तिसरी, पीडीएफ किंवा सिंकटेकची फाइल एकटीच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आहे का. क्लिकची तऱ्हा प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी: टेकवर्क्स आणि टेकस्टुडिओत कंट्रोल दाबून क्लिक, सुमात्रा पीडीएफमध्ये डबल क्लिक, ऑक्युलरमध्ये शिफ्ट दाबून क्लिक.

प्रश्न: माझे मार्गदर्शक कागदावरच वाचतात आणि 'पान ७, वरून तेविसावी ओळ' असे सांगतात. ओळी मोजत बसावे लागते.

त्यांना द्यायच्या प्रतीत लाइननो हे पॅकेज घाला आणि मजकुराच्या आधी लाइननंबर्स ही आज्ञा द्या. समासात छापील ओळींचे क्रमांक येतील. दर पाचव्या ओळीलाच क्रमांक हवा असेल, तर मॉड्युलोलाइननंबर्स या आज्ञेला चौकटी कंसात ५ द्या. पानागणिक नव्याने मोजायचे असेल, तर पेजवाइज हा पर्याय. मग जुळणी दोनदा चालवावी लागते, कारण कोणती ओळ कोणत्या पानावर गेली हे पहिल्या फेरीनंतरच कळते. दिलेल्या प्रतीची पीडीएफ जपून ठेवा. शेरे हातात येईपर्यंत तुम्ही मजकूर पुढे बदललेला असेल, तर तेविसावी ओळ तेविसावी राहिलेली नसते.

प्रश्न: कवितेच्या ओळी मी एंटर देऊन वेगळ्या लिहितो, पीडीएफमध्ये त्या सगळ्या एका परिच्छेदात गोळा होतात. प्रत्येक ओळीमागे दोन बॅकस्लॅश देण्याचा कंटाळा येतो.

ओबेलाइन्स ही आज्ञा त्यासाठीच आहे. महिरपी कंस उघडा, आत आधी ओबेलाइन्स, मग कविता, शेवटी कंस बंद. आतली प्रत्येक एंटर आता परिच्छेदाचा शेवट मानली जाते आणि एडिटरमधली ओळ पानावर तशीच उतरते.

प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद झाला, हे मात्र विसरू नका. बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात. प्रत्येक ओळीला परिच्छेदाचा आत सरकलेला हाशिया लागतो, म्हणून कंसाच्या आतच पारइंडेंट शून्य करा. परिच्छेदांमध्ये जास्तीचे अंतर ठेवले असेल, तर ते दोन ओळींमध्येही पडते; पारस्किपही शून्य करा. कडव्यांमधली कोरी ओळ तर गायबच होते: परिच्छेद एकदा संपल्यावर पुन्हा संपवण्यासारखे काही उरत नाही, म्हणून टेक दुसऱ्या एंटरकडे दुर्लक्ष करते. तिथे मेडस्किप ही आज्ञा स्वतंत्र ओळीवर द्या.

ओबेलाइन्स तळटिपेत किंवा दुसऱ्या कोणत्याही आज्ञेच्या कंसात दिली, तर चालत नाही. ती आज्ञा अमलात येण्याआधीच आतला मजकूर वाचून झालेला असतो आणि एंटरची मोकळी जागा होऊन गेलेली असते. तळटिपेत ओळ तोडायला दोन बॅकस्लॅशच वापरावे लागतात.

कविता एक-दोनच असतील तर ओबेलाइन्स पुरे. संग्रह असेल, तर व्हर्स हे एन्व्हायर्नमेंट आणि ओळींमागे दोन बॅकस्लॅश हेच बरे. ओळ रुंदीत मावली नाही तर तिचा उरलेला भाग त्यात आत सरकून येतो आणि तो नवी ओळ नसून आधीचीच ओळ आहे, हे वाचकाला कळते. कडव्याच्या शेवटच्या ओळीमागे दोन बॅकस्लॅश द्यायचे नाहीत, नुसती कोरी ओळ. दिले तर 'अंडरफुल एचबॉक्स, बॅडनेस १००००' ही (ओळ पुरेशी न भरल्याची) सूचना येते. कोऱ्या ओळीनंतर लगेच दोन बॅकस्लॅश दिले, तर इथे संपवायला ओळच नाही, अशा अर्थाची चूक दाखवून जुळणी थांबते.

कंटाळून कुणी व्हर्बेटिम वापरतात. त्यात ओळी राहतात खऱ्या, पण फॉन्ट टंकलेखनी येतो. पॉलिग्लॉसिया (निरनिराळ्या भाषांची सोय करणारे पॅकेज) वापरत असाल आणि देवनागरीसाठी टंकलेखनी फॉन्ट वेगळा सांगितला नसेल, तर अक्षरांऐवजी चौकोन किंवा चूक दाखवणारी सूचना पदरी पडते. व्हर्बेटिम कवितेसाठी नव्हे, संगणकाच्या आज्ञा छापण्यासाठी आहे.

प्रश्न: एका जुन्या छापील पुस्तकाची पाने मी पुन्हा जुळवतो आहे. मूळ पानातल्या ओळी जिथे तुटतात तिथेच माझ्याही तुटायला हव्यात, आणि दोन्ही कडा सरळ हव्यात. ओबेलाइन्सने उजवी कडा वेडीवाकडी येते.

तुम्हाला लाइनब्रेक ही आज्ञा हवी. दोन बॅकस्लॅश ओळ अर्ध्यावर सोडून खाली उतरतात. लाइनब्रेक ओळ तोडते आणि शब्दांमधल्या जागा ताणून उजव्या कडेपर्यंत पोचवते.

काम या क्रमाने करा. मूळ पानाची प्रत्येक ओळ एडिटरमध्ये स्वतंत्र ओळीवर टाइप करा आणि परिच्छेदांमध्ये कोरी ओळ ठेवा. सगळी पाने वाचून तपासा, कारण याच टप्प्यावर मूळ आणि नवी प्रत ओळीला ओळ जुळत असते. तपासणी संपल्यावर शोधा-बदला वापरून प्रत्येक ओळीच्या शेवटी लाइनब्रेक घाला. परिच्छेदाची शेवटची ओळ तेवढी सोडा. तिथे चुकून राहिला तर परिच्छेदाखाली एक रिकामी ओळ उमटते.

त्यानंतर रुंदी ठरवा, आणि इथे घाई करू नका. अंदाजे रुंदी देऊन चालत नाही. डोळ्यांना सर्वांत लांब दिसणाऱ्या चार-पाच ओळी निवडा, सेटटूविड्थ या आज्ञेने तुमच्या फॉन्टमध्ये त्यांची लांबी मोजा आणि सर्वांत मोठी लांबी हीच ओळीची रुंदी धरा. तुलनेसाठी सांगायचे तर लाटेकच्या आर्टिकल या दस्तऐवज-वर्गात १० पॉइंट अक्षराला रुंदी ३४५ पॉइंट असते, ११ ला ३६० आणि १२ ला ३९०, टेकचे ७२.२७ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे ३४५ पॉइंट साधारण १२.१ सेंटिमीटर. रुंदी कमी पडली तर टेक एखादी ओळ मध्येच आपल्या मर्जीने तोडते आणि उरलेले दोन-तीन शब्द दुसऱ्या ओळीत टोकापासून टोकापर्यंत ताणले जातात. पानात अशी विरळ ओळ दिसली की आधी रुंदी तपासा. रुंदी जास्त झाली तर सगळ्याच ओळी सैल पडतात आणि जुळणीच्या लॉगमध्ये 'अंडरफुल' सूचनांचा पाऊस पडतो.

टेकने स्वतःहून शब्द तोडू नये म्हणून हायफनपेनल्टी १०००० ठेवा. मूळ पानात शब्द ओळीच्या शेवटी हायफन देऊन तोडला असेल, तर 'विद्या-' असे लिहून लगेच लाइनब्रेक आणि पुढच्या ओळीवर 'पीठ'. पीडीएफमध्ये 'विद्यापीठ' शोधले तर हा शब्द सापडेलच याची खात्री नाही. ओळी जपायच्या तर एवढे सोसावे लागते.

जुन्या पानाच्या ओळी हुबेहूब राखण्याला अर्थ आहे तो संशोधनाच्या कामात, जिथे पान आणि ओळ सांगून संदर्भ दिले जातात. नुसते पुस्तक पुन्हा वाचकांपुढे आणायचे असेल तर हा खटाटोप टाळा आणि टेकला ओळी पाडू द्या. ते काम टेक जास्त चांगले करते.

प्रश्न: पुस्तक छापायला जाणार आहे. काही परिच्छेदांच्या शेवटच्या ओळीत नुसते 'आहे.' उरते, काही ओळी समासाबाहेर जातात. ओळी हाताने तोडू का?

हाताने तोडणे हा सर्वांत शेवटचा उपाय, आणि तोही मजकूर, फॉन्ट, आकार व पानाची रुंदी कायम झाल्यावर. आधी तोडलेली ओळ एका दुरुस्तीनंतर परिच्छेदाच्या मधोमध येते आणि तिथे शब्द विरळ पसरतात.

एकट्या 'आहे.' साठी आधीच्या शब्दाशी गाठ मारा: 'केले' आणि 'आहे' यांच्यामध्ये मोकळ्या जागेऐवजी टिल्डचे चिन्ह (~). दोन शब्द एकत्र राहतात आणि शेवटच्या ओळीला थोडा भार येतो. 'पृ. २३', '५ किलो', 'डॉ.' आणि आडनाव यांनाही हीच गाठ लिहिता लिहिताच मारत जा. तेवढ्याने भागले नाही, तर त्या परिच्छेदात लूझनेस उणे १ द्या. शब्दांमधली जागा आवळून परिच्छेद एक ओळ कमी करता येतो का, हे टेक पाहते. मर्यादेत बसत नसेल तर काहीच करत नाही. परिच्छेद संपला की ही किंमत पुन्हा शून्य होते, म्हणून ती त्याच परिच्छेदात, शेवटच्या कोऱ्या ओळीच्या आधी असायला हवी.

समासाबाहेर जाणाऱ्या ओळींची गोष्ट वेगळी. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात, त्यामुळे 'विद्यापीठांमधल्यांपैकी' असे लांब शब्द तयार होतात आणि ते तुटले नाहीत तर ओळ बसत नाही. आधी मुख्य भाषा मराठी अशी पॉलिग्लॉसियाला सांगितली आहे का ते पाहा. सांगितली नसेल तर मराठी शब्द तोडण्याचे नियम लागूच होत नाहीत. नियम आहेत, पण ते अक्षर कुठे संपते एवढेच पाहतात. सामासिक शब्दाचा सांधा त्यांना कळत नाही. ज्या शब्दात तोड वाईट दिसते तिथे बॅकस्लॅश आणि हायफन यांनी जागा दाखवा, 'विद्या' आणि 'पीठ' यांच्यामध्ये. साधारणपणे तो शब्द मग तिथेच तुटतो किंवा अजिबात तुटत नाही.

संपूर्ण पुस्तकासाठी इमर्जन्सी स्ट्रेच १ किंवा १.५ एम (एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढे माप) ठेवा. स्लॉपी ही आज्ञा सगळ्या पुस्तकाला लावू नका. तिने मर्यादा २०० वरून थेट ९९९९ होते, 'ओव्हरफुल' सूचना जवळजवळ बंद होतात आणि विरळ ओळी पुस्तक छापून आल्यावर दिसतात. एखाद्या हट्टी परिच्छेदापुरती ती चालेल.

एवढे करून उरलेल्या मोजक्या जागी लाइनब्रेक द्या, पण थेट नको. स्वतःची एक आज्ञा तयार करा जी लाइनब्रेकच करते, आणि सगळीकडे तीच वापरा, तिच्या आधी एक मोकळी जागा ठेवून. दुसऱ्या आवृत्तीला आकार बदलला, तर त्या आज्ञेची व्याख्या रिकामी केली की सगळ्या जुन्या तोडी एका झटक्यात निघतात, आणि आधीची मोकळी जागा शाबूत असल्याने शब्द एकमेकांना चिकटत नाहीत.

प्रश्न: पीडीएफमधून वर्डमध्ये चिकटवलेल्या मजकुरात प्रत्येक छापील ओळीनंतर एंटर आली आहे. तीनशे पाने आहेत.

आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. मग परिच्छेदखुणा दाखवण्याची सोय चालू करा आणि ओळींच्या शेवटी कोणती खूण आहे ते पाहा. परिच्छेदाची खूण असेल तर शोधण्याच्या चौकटीत ती कॅरट (^) आणि पी अशी लिहितात. शिफ्ट-एंटरचा वाकडा बाण असेल तर कॅरट आणि एल.

परिच्छेदांमध्ये कोरी ओळ असेल तर क्रम असा. दोन सलग परिच्छेदखुणांच्या जागी मजकुरात कुठेही नसलेले चिन्ह घाला, उदाहरणार्थ तीन ॲट (@@@). मग ओळीच्या शेवटी हायफन आणि त्यापुढे खूण असेल, तर दोन्ही काढून टाका. हे एकेक पाहून करा. 'आई-वडील' मधला हायफन ओळीच्या शेवटी आला असेल तर तो राहायला हवा. त्यानंतर उरलेल्या प्रत्येक खुणेच्या जागी एक मोकळी जागा. मग तीन ॲटच्या जागी एक परिच्छेदखूण. शेवटी दोन मोकळ्या जागांची एक, आणि शोधात एकही सापडेनाशी होईपर्यंत हे पुन्हा. पहिली पायरी चुकली की तीनशे पानांचा एकच परिच्छेद होतो, म्हणून आधी पाच पानांवर करून बघा.

परिच्छेदांमध्ये कोरी ओळच नसेल, तर पूर्णविरामानंतर येणाऱ्या खुणांच्या जागी ते चिन्ह घालून सुरुवात करा. ओळीच्या शेवटी योगायोगाने संपलेली वाक्येही त्यात सापडतात. ती नंतर हाताने जोडावी लागतील.

लिब्रेऑफिसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू केल्यावर डॉलरचे चिन्ह परिच्छेदाचा शेवट शोधते. बॅकस्लॅश-एन शोधायच्या चौकटीत शिफ्ट-एंटरची ओळ पकडते, पण बदलायच्या चौकटीत नवा परिच्छेद घालते. एकच खूण दोन चौकटींत दोन अर्थांची आहे हे ध्यानात असू द्या.

प्रश्न: तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ओळी सरकतात.

बहुतेक वेळा फॉन्ट नसतो किंवा त्याच नावाची वेगळी आवृत्ती असते. अक्षरांच्या रुंदीत किंचित फरक पडला की ओळी सरकतात. वर्डमध्ये पर्यायांतल्या 'सेव्ह' विभागात फॉन्ट फाइलमध्ये घालण्याची सोय आहे, लिब्रेऑफिसमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फॉन्ट' या पानावर. दुरुस्ती करायची नसेल तर पीडीएफच पाठवा.

लाटेकमध्ये फॉन्ट तोच असूनही ओळी बदलत असतील, तर जुळणी कशाने केली ते विचारा. लुआलाटेक आणि झीलाटेक ही लाटेकची जुळणी करणारी दोन वेगळी यंत्रे. मायक्रोटाइप पॅकेज लुआलाटेकमध्ये अक्षरे किंचित रुंद-अरुंद करते. झीलाटेकमध्ये ती सोय नाही, तिथे विरामचिन्हे समासात थोडी सरकवण्यापुरतेच त्याचे काम चालते. एकाच मजकुराच्या ओळी दोघांत वेगळ्या पडणारच. दोघांनी मिळून अंतिम प्रूफ पाहायचे असेल तर जुळणीचे यंत्र आणि टेक लाइव्हचे वर्ष दोन्ही आधी ठरवून घ्या.

प्रश्न: मार्कडाउनमध्ये एंटर दिली तरी ओळ तुटत नाही. का?

मार्कडाउन म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराला रूप देण्याची पद्धत. तिथेही एक एंटर म्हणजे बहुधा मोकळी जागाच. ओळ तोडायची तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा किंवा एक बॅकस्लॅश द्या. बॅकस्लॅश बरा: दोन जागा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ओळीअखेरच्या जागा साफ करणारे एडिटर त्या फाइल जतन करताना पुसून टाकतात. पॅनडॉकने (एका स्वरूपातली फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलणाऱ्या साधनाने) मार्कडाउनवरून लाटेक बनवत असाल तर 'रॅप बरोबर प्रिझर्व्ह' हा पर्याय द्या, म्हणजे एक वाक्य-एक ओळ अशी तुमची रचना लाटेक फाइलमध्येही टिकते. तो दिला नाही तर पॅनडॉक ७२ स्तंभांना हार्ड रॅप करून ती मोडते.